फाट्यावरची पाच मिनिटं

वर्षाराणीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका गृहस्थाला दारातून आत सरकवत होती. वाशीमहून रिसोडला जाणारी सकाळची गाडी, शाळा-कॉलेजची गर्दी, आणि हा माणूस पायरीवर ठाण मांडून उभा.

"दादा, आत सरका. मांगं जागा हाये."

"मले पुढच्याच थांब्यावर उतराचं हाये."

"मंग पुढचा थांबा येतवर आत उभे राहा."

आवाज न चढवता, तिकिटाच्या मशीनवरची नजरही न हलवता ती हे बोलली. माणूस सरकला. कंडक्टरच्या सीटमागची जागा त्या दिवशी मला मिळाली आणि पुढे कितीतरी वर्षं तीच माझी जागा झाली. मी रिठदच्या पुढे एका फाट्यावर उतरते. तिथून दीड किलोमीटर आत माझी शाळा आहे. आठवी ते दहावीला मी विज्ञान शिकवते.

ती मानोरा तालुक्यातल्या एका खेड्यातली. वडील जगदेव यांची चार एकर शेती, सोयाबीन आणि तूर. डी.एड. करून ती तीन वर्षं शिक्षिकेच्या नोकरीची वाट पाहत घरी बसली होती. मग वाहकांची भरती निघाली आणि तिनं अर्ज भरला. घरात कुणाला पसंत नव्हतं, आई सोडून. आई सुंदरबाई म्हणाली होती, "जाऊ द्या तिले. वावरात तरी काय सावली हाये?" पुढे तिचं लग्न प्रसेनजितशी झालं. तो वाशीमला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. शांत माणूस आहे, बोलण्यापेक्षा ऐकणारा.

रोजच्या प्रवासात आमची ओळख वाढत गेली. ती मला मॅडम म्हणायची आणि प्रवासी तिला मॅडम म्हणायचे, त्यामुळे गाडीत कुणी "ओ मॅडम" म्हटलं की आम्ही दोघी वळून बघायचो. तिच्या मुलीच्या अभ्यासाबद्दल, माझ्या सासूच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल, तुरीच्या शेंगांबद्दल, सगळ्याबद्दल बोलणं व्हायचं. एका गोष्टीबद्दल मात्र आम्ही अकरा वर्षांत एकदाही बोललो नाही, आणि ती गोष्ट आम्हा दोघींनाही रोज सतावत होती.

वर्षाराणी सकाळी साडेपाचला घरून निघायची ती दुपारी साडेतीनला परतायची. त्या दहा तासांत ती लघवीला जात नसे. स्टँडवर गाडी लागली की हिशेबाची, नोंदीची घाई असे. मधल्या गावांत थांबा म्हणजे एक लिंबाचं झाड आणि त्याखाली बसलेली दहा-बारा माणसं. कुठं जाणार? म्हणून ती पाणीच पीत नसे. सकाळी अर्धा कप चहा, बाराला डबा खाताना दोन घोट. उन्हाळ्यात ओठ कोरडे पडले की चूळ भरून थुंकायची. मला हे दिसत होतं. मला ते विचित्र वाटलं नाही, कारण शाळेत पोचेपर्यंत मीही तेच करत होते.

वर्षातून तीन-चारदा तिला जळजळ व्हायची. ती म्हणायची, उष्णता झाली. मग सब्जा, धन्याचं पाणी, रात्री तळपायांना तेल. फारच झालं तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या. दोन दिवस घेतल्या की बरं वाटायचं आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवल्या जायच्या. तिच्या आईलाही अशीच उष्णता व्हायची. आईकडूनच ती हे सगळे उपाय शिकली होती.

दोन वर्षांपूर्वीच्या रामनवमीला तिची ड्युटी पोहरादेवीच्या जादा गाड्यांवर लागली. यात्रेच्या दिवसांत तिकडे माणसांचा पूर असतो. एक गाडी रिकामी होईस्तोवर दुसरीला माणसं लोंबकळतात. बायांसाठी तिथं सोय होती, पण रांग लांब होती आणि गळ्यात पैशांची बॅग, हातात मशीन घेऊन गाडी सोडून जाणं तिला जमलं नाही. तिनं त्या दिवशी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. चार दिवसांपासून जळजळ होतीच. कंबरेच्या वर, उजव्या बाजूला, कुणीतरी मुठीनं दाबून धरल्यासारखं दुखत होतं.

पुढचं मला सैफुद्दीनभाईंनी सांगितलं. ते तिच्या गाडीचे ड्रायव्हर. वाशीमचेच, पन्नाशीतले. चार वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. "दुपारी परतीची फेरी होती मॅडम. बाहेर असं ऊन की स्टेअरिंगले हात लावू वाटेना. मी आरशात पाह्यलं तर ताई थंडीनं कापून राह्यल्या होत्या. दात वाजून राह्यले होते. तरी तिकिटं फाडनं चालूच. मी म्हटलं, ताई, बसा. तर म्हनल्या, पाच बाकी हायेत."

ती पाच तिकिटं देऊन ती बसली आणि मग उठू शकली नाही. उलटी झाली. सैफुद्दीनभाईंनी मधले थांबे घेतले, माणसं उतरवली, पण नवी कुणाला चढू दिली नाहीत. एका बाईनं आपली शाल तिच्या अंगावर टाकली. वाशीमला गाडी लागताच त्यांनी ऑटो बोलावला आणि प्रसेनजितला फोन केला. ताप एकशे चार होता.

मी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. हाताला सलाईन, डोळे खोल गेलेले, पण शुद्धीवर होती. प्रसेनजित पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसला होता. तेवढ्यात डॉक्टर आल्या. डॉक्टर योगिनी, तिशीतल्या असतील. त्यांच्या हातात लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट होता.

"जंतू सापडला," त्या म्हणाल्या. "कुठलं औषध लागू पडतं तेही कळलं. दोन गोळ्यांना तो दाद देत नाही. तुम्ही आधी कुठल्या गोळ्या घेत होता?"

वर्षाराणीनं नाव सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. त्या दोनपैकीच एक होती ती.

"दिवसभरात पाणी किती पिता?"

"दोन घोट. डबा खाताना."

"लघवीला किती वेळानं जाता?"

"पहाटं निघताना जातो. मंग घरी आल्यावर."

"घरी कधी येता?"

"साडेतीनले. कधी चारले."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. प्रसेनजितनं बायकोकडे असं पाहिलं की मला कळलं, हे त्यालाही आजच कळत होतं. नऊ-दहा वर्षांच्या संसारात त्यानं विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं.

"मले उष्णता व्हते डॉक्टर," वर्षाराणी म्हणाली. "लहानपनापासूनच प्रकृती गरम हाये."

"ही उष्णता नाही." डॉक्टरांनी केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक फुगा काढला. "ही लघवीची पिशवी. हिला आतून अस्तर असतं. त्या अस्तराच्या पेशींवर प्रथिनं बसवलेली असतात, फरशीसारखी, एकाला एक लागून. लघवीपासून पिशवीला जपायचं हे त्यांचं काम. त्या प्रथिनांना साखरेचे बारीक शेंडे असतात. आता हा जंतू." त्यांनी तांदळासारखा एक लांबट दाणा काढला आणि त्याच्या भोवती रेघोट्या. "याच्या अंगावर शेकडो केस. केसाच्या टोकाला एक खाच. त्या खाचेत तो शेंडा बरोबर बसतो. बसला की जंतू चिकटला."

"हा येते कुठून?"

"तुमच्याच आतड्यातून. तिथं तो सगळ्यांच्याच असतो. तिथं त्याचा त्रास नाही. चुकून पिशवीत शिरला की त्रास."

"मंग लघवीसंगं वाहून नाई जात?"

"सुटे असतात ते जातात. शरीरानं तेवढ्यासाठीच ती सोय केलीय. पण एकदा चिकटला की वरून धार आली तर त्याची पकड आणखी घट्ट होते. धार थांबली की सैल होतो, जरा सरकतो, दुसरी जागा धरतो."

वर्षाराणी त्या चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गाडीत उभ्या बाया असतात तसं. ब्रेक लागला का दांडा घट्ट धरतात."

डॉक्टर हसल्या. "अगदी तसंच. आणि अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. तुम्ही त्यांना दहा तास देता. पाणी पीत नाही म्हणजे सुटे असलेलेही बाहेर पडत नाहीत. तिथून काही वर चढले, मूत्रपिंडात गेले. तिथं पकडायला त्यांच्याकडे दुसऱ्या तऱ्हेचे केस असतात. म्हणून ताप आला, म्हणून पाठ दुखली."

मी हे ऐकत उभी होते. सूक्ष्मजीवांचा धडा मी दरवर्षी शिकवते. फळ्यावर असाच लांबट दाणा काढते, त्याला केस काढते, मुलांकडून नावं पाठ करून घेते. त्या केसांनी जंतू काय धरतो, हे मी कधी शिकवलं नव्हतं. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही ते विचारावंसं वाटलं नव्हतं.

वर्षाराणीनं डोळे मिटले. मला वाटलं थकली असेल. पण ती म्हणाली, "डॉक्टर, माही माय सहा वर्षांमांगं गेली. तिचे गुर्दे खराब झाले होते. तिले बी अशीच जळजळ व्हायची. दिवसभर वावरात. उजेड व्हायच्या आंधी जायची, मंग अंधार पडल्यावर. मधात नाई. तिले बी हेच असन काय?"

"आता सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गुर्दे खराब व्हायला बरीच कारणं असतात. साखर असते, रक्तदाब असतो. त्यांची लघवी कधी तपासली होती?"

"नाई. आमी सब्जा देत होतो."

प्रसेनजित उठला आणि त्यानं तिच्या पायावरची चादर सारखी केली. ती रडली नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं. मी निघाले तेव्हा तो केसपेपर तिच्या उशाशी होता.

पाच दिवसांनी तिला घरी सोडलं. गोळ्यांचा सगळा कोर्स तिनं या वेळी पुरा केला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दिवसाला अडीच लिटर पाणी आणि दर दोन-तीन तासांनी जायचंच. घरी असेपर्यंत ते सोपं होतं. तीन आठवड्यांनी ती गाडीवर परत आली, तेव्हा तिच्याकडे पाण्याची बाटली होती आणि ती त्यातून पीतही होती. रिठद येईपर्यंत तिचा चेहरा बदलला. मशीनवर दोनदा चुकीचं गाव दाबलं. तिला काय होतंय ते मला कळत होतं. मी फाट्यावर उतरले आणि माझ्या वाटेनं शाळेत गेले. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसंच झालं.

दुसऱ्या दिवशी बाटली आली, पण झाकण उघडलं गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी वाशीमच्या स्टँडवर गाडी सुटायच्या आधी ती ड्रायव्हरच्या केबिनपाशी जाऊन उभी राहिली. मी माझ्या जागेवर होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"सैफुभाई, रिठदच्या पुढच्या फाट्यावर गाडी पाच मिनिटं थांबवा लागन. रोज."

"काहून? कोनी चढनार हाये काय?"

"नाई." ती थांबली. बॅगेचा पट्टा तिनं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "मले लघवीले जाचं असते. दवाखान्यात सांगतलं हाये. नाई गेलो तर पुन्हा तसंच होईन."

सैफुद्दीनभाईंनी हातातलं काच पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"चार वर्षं झाली आपल्याले," ते म्हणाले. "मी पाह्यजे तिथं गाडी लावून उतरतो. झाड दिसलं का उतरतो. तुमी गाडीतच बसून राह्यता. मले कधी ध्यानातच आलं नाई का तुमी काहून उतरत नाई." आणि मग, "घरी बायकोले, शाहजादीले, सांगन तर ते मलेच रागावन. थांबतो. पाच काय, सात मिनिटं थांबतो."

त्या फाट्यावर, मी उतरते तिथंच, रंगूबाईचं घर आहे. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहते, मुलगा पुण्याला. दर मंगळवारी बाजाराला आमच्याच गाडीनं जाते. तिच्या अंगणात, गोठ्याच्या बाजूला, पक्का संडास आहे. वर्षाराणी उतरून तिच्या दारात गेली आणि तिनं सरळ विचारलं. मीही सोबत होते. एकदा बोललेली गोष्ट दुसऱ्यांदा बोलायला तिला तितकं जड गेलं नाही.

रंगूबाई घुगऱ्यांसाठी तूर निवडत होती. तिनं वर पाहिलं. "अकरा वर्षं माह्या दारातून जातं तू. इचारलं काहून नाई वं?"

"लाज वाटली, मावशी."

"जा. बादली भरून ठेवेल हाये. कडी जरा वर उचलून लाव."

वर्षाराणी आत गेल्यावर रंगूबाईनं माझ्याकडे पाहिलं. "अन् तुमी मॅडम?"

मी तिच्यानंतर गेले. माझ्या नोकरीच्या चौदाव्या वर्षी.

आठवडाभरात गाडीतल्या आणखी चार-पाच बाया उतरायला लागल्या. बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाडीत त्यांचीच संख्या जास्त असते. कॉलेजच्या मुली, दवाखान्यात चाललेल्या गरोदर बाया, माहेरी निघालेल्या. पाच मिनिटांची सात झाली, कधी दहा. एकदा मागच्या सीटवरून एक माणूस ओरडला, गाडी कायले उभी केली म्हणून. त्याला रिसोडला तहसीलमध्ये काम होतं.

"गाडी गरम झाली भाऊ," सैफुद्दीनभाई म्हणाले. "थंडी होऊ द्या जरा."

ते तिच्यासाठीच खोटं बोलले होते. पण वर्षाराणी त्याच वेळी दारातून वर चढत होती आणि तिनं ते ऐकलं. ती पायरीवरच थांबली.

"गाडी गरम नाई झाली," ती म्हणाली. "बाया लघवीले गेल्या हायेत. आल्या का निंगू."

आवाज नेहमीचाच, मशीन हातात. तो माणूस खिडकीबाहेर बघायला लागला. एक म्हातारे आजोबा खाली उतरले आणि रस्त्याच्या पलीकडे, झाडामागे जाऊन आले. मग सगळ्या आल्या आणि घंटी वाजली.

हे असं सुरळीत झालं म्हणून दुखणं संपलं, असं नाही. श्रावणात तिला पुन्हा जळजळ सुरू झाली. ती फार खचली. इतकं पाणी पिऊन, इतकं बोलून, लाज सोडून, तरी परत तेच. या वेळी मात्र मेडिकलमध्ये न जाता ती दुसऱ्याच दिवशी लघवीची बाटली घेऊन डॉक्टर योगिनींकडे गेली. त्यांनी सांगितलं ते तिनं मला गाडीत सांगितलं. "चिकटलेल्यांपैकी काही पेशीच्या आत शिरतात म्हने. तठी दडून राह्यतात. औषध लागत नाई, लघवी लागत नाई. शरीर त्या पेशी सालीसारख्या काढून फेकते, पन सगळ्याच निंगत नाईत. महिन्या-दोन महिन्यांनी थेच परत बाहेर येतात. म्हनजे माह्यी चूक नाई, असं म्हनल्या."

शेवटचं वाक्य तिनं दोनदा म्हटलं.

त्यानंतर एकदा, गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, थोडा त्रास झाला. त्याला आता वर्ष होऊन गेलं. तिच्या दोन्ही मूत्रपिंडांची सोनोग्राफी केली होती. उजव्यावर एक छोटा व्रण राहिला आहे. तो राहणार, पण काम चालू आहे, असं डॉक्टर म्हणाल्या.

मी शाळेत काय केलं, तेही सांगते, कारण वर्षाराणीनंच मला ते विचारलं. "तुमच्या पोरी पानी पेतात काय मॅडम?" मी दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात विचारलं. आधी मुली एकमेकींकडे बघून हसल्या. मग एकीनं सांगितलं, पीत नाही, संडासाच्या दाराला आतून कडी नाही. दोन मुलींना बाहेर राखण ठेवून जावं लागतं. मी त्या शाळेत चौदा वर्षं होते आणि शिक्षकांच्या संडासाला कडी होती. दोन दिवसांत सुताराला बोलावून मी ती लावून घेतली. अर्ध्या तासाचं काम होतं.

फाट्यावर या वर्षी बायांसाठी संडासाची एक छोटी खोली बांधली गेली आहे. बाजूच्या गावातल्या बायांनी ग्रामसभेत मागणी केली, रंगूबाई सगळ्यांत पुढे होती. सैफुद्दीनभाईंच्या ओळखीच्या मिस्त्रीनं, वसीमनं, फरशी बसवली. टाकी आहे, पण पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी टाकी कोरडी असते त्या दिवशी रंगूबाई ओट्यावरून हात हलवून सांगते, इकडे या. आता आगारात दोन नव्या मुली वाहक म्हणून आल्या आहेत. त्यांच्या पहिल्याच आठवड्यात वर्षाराणीनं त्यांना चहाला घरी बोलावलं आणि प्रत्येक रस्त्यावरची घरं सांगितली. कुठल्या गावात कुणाकडे जायचं, कुणाकडे कुत्रं आहे, कुणाकडे दुपारी दार बंद असतं. त्यातली सरिता नावाची मुलगी ते लिहून घेत होती. वर्षाराणी म्हणाली, लिहू नको, जाऊन ओळख करून घे.

गर्दीच्या दिवशी, लग्नसराईत, मी अजूनही कधीकधी बाटलीचं झाकण उघडताना थबकते. चौदा वर्षांची सवय आहे ती. मग कंडक्टरच्या सीटवरून वर्षाराणी मागे वळून बघते आणि मी पाणी पिते.